गाडी घेताना: मायलेज, ताकद आणि सुरक्षितता यांचा मेळ

कापूस विकून हातात पैसे आले, की आपल्याकडे अनेक घरांत गाडीचा विषय निघतो. दसरा, दिवाळी पाडवा, गुढीपाडवा असे मुहूर्त पाहिले जातात. शोरूममध्ये गेल्यावर मात्र पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "ॲव्हरेज किती देते?" प्रश्न चुकीचा नाही, पण तेवढ्यावरच निर्णय झाला तर पुढची दहा वर्षे त्याची किंमत मोजावी लागते.

वांकिडी आणि आसपासच्या मराठी कुटुंबांचा प्रवास थोडा वेगळा आहे. बाजार, ऑफिस आणि कोर्टकचेरी आसिफाबादला, रेल्वे कागजनगरला, सोयरेधायरे राजुरा-चंद्रपूरला, आणि मुले शिकायला किंवा नोकरीला तीनशे किलोमीटरच्या वर असलेल्या हैदराबादला. म्हणजे एकाच गाडीला चौपदरी महामार्ग, काळ्या मातीचा पांदण रस्ता आणि केरामेरीचा घाट असे तिन्ही पार करायचे असते. हे ध्यानात ठेवून गाडी निवडताना काय पाहावे, ते या लेखात एकत्र दिले आहे.

आधी एक घरची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक जुनी छोटी गाडी घेतली. मायलेज उत्तम, भाव परवडणारा, आणखी काय पाहिजे असे वाटले. एअरबॅग नव्हती, एबीएस नव्हते. त्या वेळी ते कोणी विचारतही नव्हते. एकदा राजुऱ्याचे लग्न आटोपून रात्री परत येताना समोर कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली. मागे दिवा नाही, रेडियमची पट्टीही नाही. करकचून ब्रेक दाबला तेव्हा चाके जाम झाली, गाडी घसरत गेली आणि ट्रॉलीच्या कोपऱ्याला घासून थांबली. पुढच्या दोघांनी पट्टा लावला होता, त्यांना खरचटलेही नाही. आई मागे बसली होती, पट्टा सीटखाली दाबून ठेवलेला. ती पुढच्या सीटवर आदळली आणि तिच्या गळ्याजवळचे हाड मोडले. तीन महिने हात गळ्यात होता. त्या गाडीने पेट्रोलमध्ये जे वाचवले होते, ते एका आठवड्यात दवाखान्यात गेले.

तेव्हापासून आम्ही गाडीकडे तीन बाजूंनी पाहू लागलो: खर्च, ताकद आणि सुरक्षितता. तिन्ही एकमेकांशी जोडलेल्या आहेत.

मायलेजचा आकडा कसा वाचावा

जाहिरातीत दिलेला आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रोलरवर ठेवून, ठरावीक पद्धतीने चालवून ती चाचणी होते. एसी बंद असतो, वेग ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि माल किंवा माणसे भरलेली नसतात. सगळ्या गाड्यांची तुलना एकाच मापाने व्हावी म्हणून ती चाचणी आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसी लावून, पाच माणसे बसवून गाडी चालवली तर त्या आकड्याच्या तीन चतुर्थांशच्या आसपास हिशेब धरणे शहाणपणाचे. म्हणजे २४ लिहिले असेल तर १८ समजावे.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. एक गाडी खरोखर १८ चे ॲव्हरेज देते, दुसरी १४ चे. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले.

- वर्षाला १२,००० किलोमीटर चालवली, तर पहिलीला सुमारे ६६७ लिटर लागतील आणि दुसरीला ८५७ लिटर. फरक १९० लिटरचा, म्हणजे वर्षाला साधारण २०,००० रुपये.
- वर्षाला ५,००० किलोमीटरच चालवली, तर फरक ७९ लिटरचा, म्हणजे सुमारे ८,३०० रुपये. महिन्याला सातशेही नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या गाड्या लग्नसराई, देवदर्शन आणि दवाखाना एवढ्यासाठीच निघतात. त्यांच्या बाबतीत मायलेजसाठी सुरक्षितता सोडणे हा तोट्याचा सौदा आहे. रोज नोकरीसाठी किंवा धंद्यासाठी पळणाऱ्याने मात्र इंधनाला महत्त्व द्यायलाच हवे. म्हणून शोरूमला जाण्याआधी मागच्या वर्षी आपण किती किलोमीटर फिरलो, ते कागदावर मांडा.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी की वीज?

*पेट्रोल.* कमी आणि मध्यम वापरासाठी सर्वात बिनभानगडीचे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये एका लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या इंधनासाठी तयार केलेल्या आहेत. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल तर तिच्या पुस्तिकेत कोणते इंधन चालते ते पाहा, आणि रबरी नळ्या व सील मेकॅनिककडून तपासून घ्या.

*डिझेल.* घाटात आणि भरल्या गाडीत डिझेलचा जोर चांगला. मात्र एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग मोकळ्या रस्त्यावर पळावी लागते. रोज फक्त गावातल्या गावात चालवली तर जाळी तुंबते आणि खर्च निघतो. वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर होत असतील तरच डिझेलचा विचार करावा.

*सीएनजी.* किलोमीटरमागचा खर्च कमी, पण डिकीची बरीच जागा टाकी खाते आणि चढावर जोर कमी पडतो. आपल्या नेहमीच्या वाटेवर पंप कुठे आहे, तिथे रांग किती असते, हे आधी स्वतः जाऊन पाहा. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, तीही खर्चात धरा. बाहेरून किट बसवायची तर मान्यताप्राप्त केंद्रातच बसवा आणि आरसी बुकात नोंद करून घ्या. नोंद नसेल तर विम्याच्या वेळी अडचण येते.

*विजेची गाडी.* घरी पार्किंग आणि स्वतःचे मीटर असेल, रोजची फेरी ठरलेली असेल, तर चालवायला सर्वात स्वस्त. जीएसटी ५ टक्केच आहे, आणि तेलंगणात नोव्हेंबर २०२४ पासून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत विजेच्या गाड्यांना रस्ता कर व नोंदणी शुल्क माफ केले आहे. पण हैदराबादला जाताना वाटेत कुठे चार्ज करणार, ते चार्जर चालू असतात का, हे ठरवल्याशिवाय घरातली एकमेव गाडी म्हणून घेऊ नये.

ताकद म्हणजे फक्त वेग नव्हे

ताकदवान गाडी म्हटले की भरधाव गाडी डोळ्यांसमोर येते. खरे तर आपल्याला ताकद लागते ती दोन ठिकाणी: चढावर आणि पुढची गाडी ओलांडताना.

एक साधा हिशेब पाहा. दुपदरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जाणारा ट्रक तुम्ही ८० च्या वेगाने ओलांडता. त्याच्या मागून निघून पुढे सुरक्षित येईपर्यंत तुम्हाला त्याच्यापेक्षा सुमारे ६० मीटर जास्त अंतर कापावे लागते. त्याला ११ सेकंद लागतात. तेवढ्यात तुमची गाडी २४० मीटर पुढे जाते. समोरून कोणी ८० नेच येत असेल, तर तोही २४० मीटर जवळ येतो. म्हणजे अर्धा किलोमीटर मोकळा रस्ता दिसत असेल तरच ओलांडायचे. गाडीत दम नसेल आणि ८० गाठायलाच वेळ लागत असेल, तर हे अंतर आणखी वाढते.

म्हणून शोरूमच्या पत्रकात केवळ अश्वशक्ती पाहू नका, टॉर्कही पाहा आणि तो किती आरपीएमवर मिळतो तेही पाहा. कमी आरपीएमवर चांगला टॉर्क देणारी गाडी घाटात वारंवार गियर बदलायला लावत नाही. टर्बो पेट्रोल इंजिनात तो लवकर मिळतो, पण पाय जड असेल तर तेच इंजिन पेट्रोलही जास्त पिते.

चाचणीसाठी गाडी घेतली तर एकट्याने शोरूमभोवती फेरी मारून परत येऊ नका. घरातली चार मोठी माणसे बसवा, एसी लावा आणि चढाचा रस्ता निवडा. जमले तर केरामेरीच्या घाटासारख्या वळणावळणाच्या चढावर दुसऱ्या गियरमध्ये गाडी कशी ओढते ते पाहा. थांबून पुन्हा चढावर निघताना गाडी मागे सरकते का, तेही पाहा. नागोबाच्या जत्रेला केसलापूरला जाणाऱ्यांना हा घाट चांगलाच ठाऊक आहे.

वेगाबद्दल एक नियम सगळ्या घराने पाठ करावा: वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबण्याचे अंतर साधारण चौपट होते. ८० च्या वेगाने एका सेकंदात गाडी २२ मीटर जाते. म्हणजे डोळ्यांना ढोर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी दोन-तीन घरे ओलांडून गेलेली असते. राष्ट्रीय महामार्ग ३६३ चौपदरी झाल्यापासून आपल्याकडे वेग वाढला आहे, पण रस्त्यावर बंड्या, गुरे आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या अजून आहेतच. आणि वेग वाढला की हवेचा अडथळाही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० ऐवजी ८० ने गेल्यास जीव आणि पेट्रोल दोन्ही वाचतात.

सुरक्षिततेचे तारे समजून घ्या

पत्रा जाड असला की गाडी मजबूत, ही समजूत अजून कायम आहे. दार आपटून आवाज ऐकणारी मंडळी आपण पाहतोच. प्रत्यक्षात धडकेच्या वेळी गाडीचा पुढचा भाग ठरवून चेपला जावा आणि माणसे बसलेला सांगाडा मात्र शाबूत राहावा, अशी रचना लागते. ती आवाजावरून कळत नाही, चाचणीवरून कळते.

ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ मध्ये भारतातल्या लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक चाचणी केली, तेव्हा एअरबॅग नसलेल्या अनेक नामांकित गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यानंतर चित्र बदलत गेले. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या मारुती डिझायरलाही पाच तारे मिळाले. तिच्या पेट्रोल मॅन्युअल गाडीचे कंपनीने सांगितलेले मायलेज २४.७९ आहे. म्हणजे चांगले मायलेज आणि सुरक्षितता एकाच गाडीत मिळू शकत नाही, ही सबब आता चालणार नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. तिच्यात ताशी ६४ किलोमीटरने समोरून, ५० ने बाजूने आणि खांबावर २९ ने धडक तपासतात. मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण असतात. तारे पाहताना चार गोष्टी ध्यानात ठेवा.

१. मोठ्यांचे तारे आणि मुलांचे तारे वेगळे असतात. घरात लेकरे असतील तर दुसरा आकडाही विचारा.
२. चाचणीचे वर्ष पाहा. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये नियम कडक केले. त्याआधीचे पाच तारे आणि नंतरचे पाच तारे सारखे नाहीत.
३. ज्या मॉडेलची चाचणी झाली त्यात किती एअरबॅग होत्या ते विचारा. तुम्ही घेत असलेल्या स्वस्त व्हेरियंटमध्ये त्या नसतील, तर ते तारे तुमच्या गाडीचे नव्हेत.
४. ही चाचणी ऐच्छिक आहे. एखाद्या गाडीला तारेच नसतील तर ती वाईट असेलच असे नाही, पण विकणाऱ्याच्या शब्दाशिवाय तुमच्याकडे पुरावा नाही.

कोणत्या सोयींवर तडजोड करू नये

सनरूफ, मोठा पडदा, रंगीत दिवे हे सगळे छान, पण पैसे कमी पडत असतील तर आधी ते सोडा. पुढील गोष्टी सोडू नका.

- सहा एअरबॅग, निदान पुढच्या दोन आणि बाजूच्या.
- एबीएस. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होत नाहीत आणि स्टिअरिंग हातात राहते.
- ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा. अचानक आडव्या आलेल्या गुराला चुकवताना हीच कामी येते.
- मागच्या तिन्ही जागांना खांद्यावरून येणारा पट्टा. काही गाड्यांत मधल्या माणसाला फक्त कमरेचा पट्टा असतो.
- मुलांची सीट बसवण्यासाठी आयसोफिक्स कड्या.

पट्टा लावलाच नाही, तर यातले बहुतेक सगळे वाया जाते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी आणि नामांकित होती, पण मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता आणि दोघेही दगावले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार त्याचा दंड १,००० रुपये आहे. दंडापेक्षा आमच्या आईचे मोडलेले हाड अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे. लहान बाळाला पुढे मांडीवर घेऊन बसण्याची सवयही मोडायला हवी. एअरबॅग उघडते तेव्हा बाळ तिच्या आणि आईच्या मध्ये सापडते.

जुनी गाडी घेत असाल तर

जुनी गाडी घेण्यात कमीपणा काही नाही. फक्त तारीख पाहा. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस, तर १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि पट्ट्याची सूचना देणारा बझर बंधनकारक झाला. पुढच्या प्रवाशाच्या एअरबॅगची सक्ती २०२१ मध्ये आली आणि २०२२ पासूनच्या सगळ्या नव्या कारमध्ये ती आहे. म्हणून शक्यतो २०२२ किंवा त्यानंतरची गाडी शोधा.

टायरवर चार आकडे असतात. २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसली तरी टायर सहा-सात वर्षांचा असेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात जुने रबर तडकते. एअरबॅग आधी एकदा फुटलेली आहे का, हे पाहण्यासाठी चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते पाहा. तो अजिबात लागत नसेल किंवा विझतच नसेल, तर सौदा तिथेच थांबवा.

चंद्रपूरला घ्यावी की इकडे?

सीमेवरच्या आपल्या लोकांचा हा नेहमीचा प्रश्न. आपल्या गल्लीत एपी ०१, टीएस २०, टीजी २० आणि एमएच ३४ अशा सगळ्या पाट्या दिसतात, आणि त्यात आपला सगळा इतिहास आहे. आदिलाबाद जिल्ह्याची एपी ०१, २०१६ मध्ये कुमुरम भीम आसिफाबाद जिल्हा वेगळा झाल्यावर टीएस २०, आणि मार्च २०२४ पासून टीजी.

नियम असा: गाडी मालक जिथे राहतो आणि गाडी जिथे ठेवली जाते, त्या राज्यात नोंदणी करायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त इकडे ठेवली, तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते आणि इथला कर भरावा लागतो. भावाच्या किंवा जावयाच्या पत्त्यावर चंद्रपूरला नोंदवून इकडे वापरण्यात दोन-चार हजार वाचल्यासारखे वाटतात, पण गाडी आणि विम्याची कागदपत्रे दुसऱ्याच्या नावावर राहतात, आणि अपघात झाला तर भरपाईचा घोळ होतो. खरेदी चंद्रपूरच्या शोरूममधून करायला हरकत नाही. तात्पुरती नोंदणी घेऊन गाडी आणा आणि कायम नोंदणी आसिफाबादला करा. नोकरी चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपनीत असेल, किंवा सरकारी असेल, तर बीएच मालिकेचा नंबरही मिळू शकतो.

किमतीबद्दल आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, तर त्याहून मोठ्यांवर ४० टक्के आहे. त्यामुळे चार मीटरच्या आत बसणाऱ्या गाडीत पैशाचा मोबदला अधिक मिळतो.

शेवटी, कागदावर मांडा

घरच्यांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

- वर्षाला किती किलोमीटर? त्यातले महामार्गावर किती, गावात किती?
- नेहमी किती माणसे बसतात? आजी-आजोबांना चढ-उतार जमेल इतकी सीटची उंची आहे का?
- पावसाळ्यात वावरापर्यंत न्यायची आहे का? तर खालून जमिनीपासूनची उंची किती आहे, आणि माणसे भरल्यावर किती उरते?
- ठरवलेल्या पैशात पाच किंवा चार तारे मिळालेल्या गाड्या कोणत्या?
- त्यातली कोणती सर्व्हिसिंगसाठी जवळ पडते?
- आता त्यातली सर्वात जास्त मायलेज देणारी कोणती?

क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. आधी सुरक्षित गाड्या वेगळ्या काढायच्या, मग त्यातून घाट चढणारी, आणि मग त्यातली कमी पिणारी. क्रम उलटा केला की आमच्यासारखे होते.

गाडी घरी आल्यावर नारळ फोडा, लिंबू-मिरची बांधा, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीचे दर्शनही घ्या. निघताना मात्र मागच्या सीटचे पट्टे सीटखालून वर काढून ठेवा, आणि गाडीत दोन नंबर ठळक लिहून चिकटवा: रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३. हे दोन्ही लक्कडकोटच्या हद्दीच्या अलीकडेही चालतात आणि पलीकडेही.

नवी गाडी घेणाऱ्या सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मनःपूर्वक शुभेच्छा. आपला प्रवास सुखाचा होवो.